संहिता कोणाची? मुक्त आणि व्यापारी संगणकप्रणालींच्या वादाचा इतिहास

नवा संगणक घेताना त्यावर 'विंडोज' हवे की 'लिनक्स', हा प्रश्न साहित्याच्या अध्यापकाला सहसा पडत नाही. दुकानदार जे घालून देतो ते आपण वापरतो आणि या दोहोंच्या पुरस्कर्त्यांमध्ये गेली कित्येक दशके चाललेला वाद हा तंत्रज्ञांचा घरगुती कलह आहे असे समजून बाजूला होतो. पण या वादाची मूळ कागदपत्रे वाचू लागले तर ती फार ओळखीची वाटतात. त्यांत एक संतप्त अनावृत पत्र आहे. एका अध्यापकाने लिहिलेले आणि पुढे वर्गाबाहेर काढले गेलेले भाष्य आहे. एक जाहीरनामा आहे. एका नामवंत प्राध्यापकाने एका विद्यार्थ्याच्या कामावर केलेली जाहीर टीका आणि तिला मिळालेले तितकेच तिखट उत्तर आहे. आणि एका लोकप्रतिनिधीने बलाढ्य कंपनीला पाठवलेले, युक्तिवादाचा नमुना म्हणून वर्गात शिकवावे असे दीर्घ पत्र आहे. या साऱ्या लेखनातून एकच प्रश्न फिरून फिरून विचारला गेला आहे: लिहिलेल्या संहितेवर हक्क कोणाचा? लिहिणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, की वाचणाऱ्याचा? प्रस्तुत लेखात या वादाचा इतिहास त्या प्रश्नाच्या अंगाने पाहायचा आहे.

प्रयोग आणि संहिता

संगणकाचा कोणताही प्रोग्राम आधी माणूस लिहितो. त्याची भाषा कृत्रिम असली तरी तिला व्याकरण असते, लिहिणाऱ्यागणिक शैली असते आणि पुढच्या वाचकासाठी मधूनमधून घातलेल्या टिपाही असतात. या मूळ संहितेचे रूपांतर मग यंत्राला उमगणाऱ्या शून्य आणि एक यांच्या मालिकेत केले जाते. यंत्राला ही मालिका पुरते. माणसाला मात्र तिच्यावरून मूळ लेखनाचा अंदाज बांधणे जिकिरीचे होते. व्यापारी कंपनी ग्राहकाला केवळ ही मालिका देते. मुक्त सॉफ्टवेअरचे कर्ते तिच्याबरोबर मूळ संहिताही देतात आणि ती वाचण्याची, बदलण्याची व बदललेली प्रत इतरांना देण्याची परवानगीही देतात. नाटकाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या व्यवहारात आपल्याला प्रयोगाचे तिकीट मिळते. दुसऱ्यात नाटकाची संहिता हाती येते आणि आपल्या गावी, आपल्या सोयीने, काही प्रवेश बदलून प्रयोग लावण्याची मुभा मिळते. ऑपरेटिंग सिस्टिम हा या व्यवस्थेतील रंगमंच होय. लेखन, हिशेब, चित्रे, पत्रव्यवहार यांसाठीचे सारे प्रोग्राम तिच्यावर उभे राहतात, म्हणून ज्याच्या मालकीचा रंगमंच त्याच्या अटी बाकीच्यांना मानाव्या लागतात.

संहिता ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू आहे, ही कल्पना संगणकाइतकी जुनी नाही. प्रारंभीच्या काळात प्रोग्राम यंत्राबरोबर येत. आयबीएमच्या यंत्रांचे वापरकर्ते १९५५ साली 'शेअर' नावाची संघटना स्थापून परस्परांत प्रोग्रामची देवघेव करू लागले होते. जून १९६९मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचा निर्णय जाहीर केला. तोवर गृहीत धरलेल्या देवघेवीला तेव्हापासून बाजारभाव आला.

एक संतप्त पत्र

या बदलाला शब्दरूप मिळाले ते ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेच्या एका पत्रात. 'अल्टेअर' या छोट्या संगणकासाठी 'बेसिक' भाषेची आवृत्ती तयार करणारे वीस वर्षांचे बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना हे अनावृत पत्र लिहिले. कॅलिफोर्नियातील 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'च्या सभासदांनी बेसिकच्या छिद्रपट्टीच्या प्रती काढून एकमेकांना वाटल्या होत्या. गेट्स यांनी या कृत्याला सरळ चोरी म्हटले. त्यांचा हिशेब नेमका होता: या कामावर ४०,००० डॉलरहून अधिक मोलाचा संगणकवेळ खर्ची पडला, अल्टेअरच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आणि मिळालेल्या मानधनाचा हिशेब केला तर तासाला दोन डॉलरसुद्धा पदरात पडले नाहीत. यंत्राला पैसे मोजायचे आणि संहिता मात्र वाटून घ्यायची, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. मोबदल्याशिवाय चांगले काम कोण करील, हा त्या पत्राचा गाभा आहे.

या पत्राची टर उडवणे सोपे आहे. ज्या संगणकवेळेचा दाखला दिला तो वेळ हार्वर्ड विद्यापीठाच्या यंत्रावरचा होता, हे तेव्हाही अनेकांच्या लक्षात आले होते. पण लेखनावर जगू पाहणाऱ्या कोणत्याही माणसाला गेट्स यांचा सवाल गैरलागू म्हणता येणार नाही. आपल्या पुस्तकाच्या छायांकित प्रती महाविद्यालयाच्या दारात विकल्या जाताना पाहणाऱ्या मराठी लेखकाला तो पुरता कळेल. हौशी मंडळींनी त्याला दुसऱ्या बाजूने उत्तर दिले. 'टायनी बेसिक' या छोट्या भाषेच्या संहिता त्याच वर्षी नियतकालिकांतून छापल्या जाऊ लागल्या. त्यांपैकी ली-चेन वांग यांच्या आवृत्तीच्या माथ्यावर 'सर्व हक्क राखीव' या ठरीव वाक्याचे विडंबन होते आणि 'कॉपीराइट'च्या जागी 'कॉपीलेफ्ट' असा शब्द होता. थट्टेत जन्मलेल्या या शब्दाला पुढे कायद्याच्या भाषेत स्थान मिळाले.

भाष्यावर बंदी

याच सुमारास ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्स विद्यापीठात, जॉन लायन्स नावाचे अध्यापक एक वेगळा प्रयोग करीत होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली 'युनिक्स' ही ऑपरेटिंग सिस्टिम जन्माला आली होती. तिची मालक कंपनी एटी अँड टी ही दूरध्वनी कंपनी. १९५६च्या न्यायालयीन तडजोडीनुसार तिला दूरसंचाराबाहेरचा धंदा करण्यास मनाई असल्यामुळे युनिक्सची संहिता विद्यापीठांना सवलतीने मिळत असे. लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याच्या सुमारे नऊ हजार ओळी विद्यार्थ्यांसाठी एका खंडात छापल्या आणि दुसऱ्या खंडात त्यांवर भाष्य लिहिले. मूळ आणि टीका समोरासमोर ठेवून वाचण्याची रीत आपल्याला काही नवी नाही. पण एका चालत्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे नेमून दिलेला ग्रंथ म्हणून पाहणे, ही १९७६-७७ साली विलक्षण गोष्ट होती.

ती फार काळ टिकली नाही. १९७९ साली आलेल्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने संहिता वर्गात शिकवण्याची मुभा काढून घेतली. लायन्स यांचे भाष्य अधिकृतपणे उपलब्ध होईनासे झाले आणि पुढची सतराएक वर्षे ते छायाप्रतींच्या छायाप्रतींतून हातोहात फिरत राहिले. ते उघडपणे प्रकाशित झाले १९९६ साली. दोन वर्षांनी, १९९८मध्ये, लायन्स यांचे निधन झाले. मुक्त प्रणालींच्या इतिहासात या प्रसंगाला आपण देतो त्याहून मोठे स्थान द्यायला हवे असे वाटते. कारण या वादाची ठिणगी किमतीवरून पडली असे सर्रास मानले जाते, पण येथे प्रश्न किमतीचा नव्हता. एका शिक्षकाला एक संहिता शिकवायची होती आणि ती शिकवण्यास त्याला मनाई झाली होती.

या मनाईचे फळ आम्स्टरडॅमला आले. तेथील व्रिये विद्यापीठातील अँड्र्यू टॅनेनबाउम हेही युनिक्स शिकवीत. संहिता वर्गात आणता येईना तेव्हा त्यांनी स्वतःच युनिक्ससारखी एक छोटी प्रणाली सुरुवातीपासून लिहून काढली आणि १९८७मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. तिचे नाव 'मिनिक्स'. तिची संहिता वाचता येत होती, किंमतही विद्यार्थ्याला झेपेल अशी होती. परंतु प्रकाशकाच्या हक्कांमुळे ती बदलून मोकळेपणी वाटता येत नव्हती.

काट्याने काटा

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांना हाच अडथळा दुसऱ्या रूपात भेटला होता. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे लेझर छपाईयंत्र आले. जुन्या यंत्रात कागद अडकला की वापरणाऱ्यांना तसा निरोप जावा, अशी सोय स्टॉलमन यांनी प्रोग्राममध्ये बदल करून केली होती. नव्या यंत्राची संहिताच मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती होती, पण गुप्ततेच्या करारावर सही केल्यामुळे त्याने देण्यास नकार दिला. स्टॉलमन यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. सहकाऱ्याने सहकाऱ्याला मदत न करण्याचे वचन तिसऱ्यालाच देऊन ठेवावे, हे त्यांना नैतिकदृष्ट्या असह्य झाले.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली, जानेवारी १९८४मध्ये नोकरी सोडली आणि १९८५मध्ये जाहीरनामा प्रसिद्ध करून 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' स्थापन केले. त्यांची खरी करामत आहे १९८९ सालचा परवाना, ज्याला जीपीएल म्हणतात. कॉपीराइटचा त्याग करून संहिता वाऱ्यावर सोडली तर कोणीही ती उचलून, बंद करून विकू शकतो. म्हणून स्टॉलमन यांनी कॉपीराइट राखला आणि त्याच्याच बळावर अट घातली: वापरा, वाचा, बदला, वाटा, हवे तर विका, मात्र पुढे देताना घेणाऱ्यालाही संहितेसह हेच सारे हक्क द्या. 'कॉपीलेफ्ट' ही थट्टा अशा रीतीने कायद्याची अट झाली. काट्याने काटा काढण्याचे इतके चोख उदाहरण कायद्याच्या इतिहासात विरळाच सापडेल.

प्राध्यापक आणि विद्यार्थी

ग्नूमध्ये बहुतेक सारी सामग्री जमली, पण यंत्राशी थेट बोलणारा गाभा तयार झाला नाही. तो हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सच्या वापरकर्त्यांसमोर आपल्या कामाचे सूतोवाच केले. तेव्हा हा आपला छंद आहे, त्यातून काही मोठे होणार नाही, असाच त्याचा सूर होता. आरंभी त्याने व्यापारी वितरणाला बंदी घातली होती. १९९२च्या सुरुवातीस ती उठवून स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला.

त्याच वेळी, २९ जानेवारी १९९२ रोजी, टॅनेनबाउम यांनी लिनक्स कालबाह्य आहे असे जाहीरपणे लिहिले. सगळा गाभा एकाच मोठ्या प्रोग्राममध्ये कोंबण्याची रचना जुनाट आहे आणि एकाच प्रकारच्या प्रोसेसरला जखडलेली प्रणाली टिकणार नाही, असे त्यांचे आक्षेप होते. हा मुलगा आपला विद्यार्थी असता तर अशा रचनेला चांगले गुण मिळाले नसते, असा टोमणाही त्यांनी मारला. बावीस वर्षांच्या टॉरवाल्ड्सने रचनेच्या सौंदर्याचा मुद्दा बराचसा मान्य केला, पण आपली प्रणाली आज चालते आणि ती कोणालाही मोकळेपणी घेता येते, हे ठणकावून सांगितले. मागाहून तीव्र भाषेबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. सिद्धान्त प्राध्यापकाच्या बाजूने होता असे मानणारे आजही आहेत. पण लोक गेले ते ज्या संहितेत स्वतःची भर घालता येत होती तिच्याकडे. मिनिक्स मुक्त परवान्याखाली आली ती २००० साली. तोवर वेळ निघून गेली होती.

येथे मराठीच्या अभ्यासकाला एक शंका येईल. शेकडो हातांनी भर घातलेल्या संहितेचे काय होते, हे आपल्याला पोथ्यांच्या इतिहासावरून ठाऊक आहे. प्रक्षेप आणि पाठभेद यांच्या गर्दीतून एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत अशी ताकीद दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण करायला १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे लागली. लिनक्समध्ये भर घालण्यास बंदी नाही, पण भर घालणारा अनामिक राहत नाही. टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेल्या 'गिट' या साधनात प्रत्येक बदलाचा कर्ता, दिवस आणि कारण नोंदले जाते. मुख्य शाखेत काय घ्यायचे हे टॉरवाल्ड्स आणि त्यांचे निवडक सहकारी ठरवतात; ज्याला ते पटत नाही त्याने आपली वेगळी शाखा काढावी. जो पाठभेद आपल्याला शतकांनंतर शोधून काढावा लागतो, तो येथे जन्मतःच आपली वंशावळ घेऊन येतो.

टेबलावरचा संगणक

इतके असूनही घराघरांतल्या आणि कचेऱ्यांतल्या टेबलांवर लिनक्स आले नाही. याचे कारण केवळ गुणवत्तेत शोधणे बरोबर नाही. मायक्रोसॉफ्टचे संगणक-उत्पादकांशी असलेले करार असे होते, की बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे, त्यावर दुसरी प्रणाली असली तरी, मायक्रोसॉफ्टला पैसे द्यावे लागत. अमेरिकी सरकारशी १९९४ साली झालेल्या तडजोडीने ही पद्धत थांबली. २४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' बाजारात आले आणि ते सामान्य माणसाला खरोखरच सोपे वाटले, हेही मान्य करायला हवे. पुढे मक्तेदारीच्या खटल्यात न्यायमूर्ती थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९मध्ये आपले निष्कर्ष नोंदवले. त्यांतला महत्त्वाचा मुद्दा असा: लोक विंडोज घेतात कारण त्यांना हवे असलेले प्रोग्राम विंडोजवर चालतात, आणि प्रोग्राम विंडोजसाठी लिहिले जातात कारण लोक विंडोज घेतात. हे चक्र भेदणे नव्या प्रणालीला जवळजवळ अशक्य असते.

या चक्राला चोरट्या प्रतींनीही गती दिली. १९७६ साली प्रती काढणाऱ्यांना चोर म्हणणाऱ्या गेट्स यांनी १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात बोलताना चीनबद्दल वेगळेच मत मांडले. लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच सॉफ्टवेअर चोरावे; एकदा सवय लागली की पुढे पैसे कसे वसूल करायचे ते पाहू, असा त्यांचा आशय होता. भारतातही बिनपैशाची विंडोज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असल्याने लिनक्स फुकट आहे या युक्तिवादाला धार राहिली नाही.

'फुकट' हा शब्दच मुळात घोटाळ्याचा. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाला मुक्त आणि विनामूल्य असे दोन्ही अर्थ आहेत. व्यापारी जगाला या शब्दाची धास्ती वाटू नये म्हणून फेब्रुवारी १९९८मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेले 'ओपन सोर्स' हे नाव एरिक रेमंड, ब्रूस पेरेन्स आदींनी उचलून धरले. स्टॉलमन यांनी ते कधीही स्वीकारले नाही. त्यांच्या मते त्यात सोय उरली आणि स्वातंत्र्य गळाले. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' हे शब्द वेगवेगळे आहेत. आपल्या भाषेने ही अडचण आधीच सोडवली होती. तरी आपणही बोलताना फुकटच म्हणत राहिलो.

पेरूहून आलेले पत्र

किमतीचा हा गैरसमज सर्वांत नेमकेपणाने खोडून काढला तो पेरू देशातील एका काँग्रेस-सदस्याने. सरकारी कचेऱ्यांत मुक्त सॉफ्टवेअर वापरले जावे असे विधेयक तेथे मांडले गेले होते. मायक्रोसॉफ्टच्या पेरू शाखेच्या प्रमुखांनी मार्च २००२मध्ये पत्र लिहून त्यावर हरकती घेतल्या: हे विधेयक भेदभाव करणारे आहे, मुक्त प्रणाली प्रत्यक्षात महाग पडते, यामुळे स्थानिक उद्योग बुडेल. एडगर विलानुएवा यांनी ८ एप्रिल २००२ रोजी उत्तर दिले. ते मुद्देसूद आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मग त्याचे खंडन करणारे, आपल्याकडील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या रीतीची आठवण करून देणारे.

विलानुएवा यांची भूमिका अशी, की विधेयक कोणतेही सॉफ्टवेअर बनवायला वा विकायला मनाई करत नाही. राज्याने स्वतःसाठी काय घ्यावे याची अट तेवढी घालते. ती अट तीन तत्त्वांवर उभी आहे. सार्वजनिक माहिती नागरिकाला अडथळ्याविना मिळाली पाहिजे. सार्वजनिक दस्तऐवज टिकले पाहिजेत, म्हणजे ते वाचता येणे हे एखाद्या विक्रेत्याच्या मर्जीवर वा आयुष्यावर अवलंबून राहता कामा नये. आणि राज्याची व नागरिकांची माहिती हाताळणारा प्रोग्राम आतून काय करतो ते तपासता आले पाहिजे. पैसे वाचणे हा आनुषंगिक लाभ; मुक्त प्रणाली महाग पडली तरी ही तत्त्वे कायम राहतात. जुलै २००२मध्ये पेरूच्या अध्यक्षांच्या भेटीत गेट्स यांनी तेथील शाळांसाठी साडेपाच लाख डॉलरची देणगी जाहीर केली. २००५ साली पेरूत झालेला कायदा मूळ विधेयकापेक्षा बराच मवाळ होता. पण ते पत्र अनेक भाषांत पोहोचले.

जर्मनीतील म्युनिक शहराने ही वाट प्रत्यक्ष चालून पाहिली. नगरपालिकेने २००३ साली विंडोज सोडण्याचे ठरवले तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला गेले. २०१३पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आले. पण इतर कचेऱ्यांकडून येणारे दस्तऐवज नीट उघडत नाहीत, विशिष्ट कामांचे प्रोग्राम मिळत नाहीत, अशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी चालूच राहिल्या. राजकीय नेतृत्वही बदलले आणि नोव्हेंबर २०१७मध्ये पालिकेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. एक शहर एकट्याने लिपी बदलू शकते, पण त्याला पत्रे लिहिणारे जग जुन्याच लिपीत लिहीत राहते. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४मध्ये आपले सुमारे ३०,००० संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचे जाहीर केले आहे.

आपल्या फायली, आपली अक्षरे

महाराष्ट्राशी या वादाचा थेट संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला प्रसंग २८ मे २००३चा. पुण्यातील एका माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या कार्यक्रमात तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मुक्तस्रोत प्रणालींचा उघड पुरस्कार केला. गेट्स यांच्याशी झालेल्या भेटीत या विषयावर मतभेद झाल्याचे त्यांनी तेथे सांगितले.

दुसरा संबंध अधिक जवळचा, आपल्या लिपीचा आहे. देवनागरीसाठी 'इस्की' हे प्रमाणित संकेतन १९८८पासून होते, १९९१ साली ते भारतीय मानक झाले आणि युनिकोडमधील देवनागरीही त्याच्याच आधारे घडली. पण नव्वदच्या दशकात मराठी छपाई ज्या फॉन्टांवर झाली त्यांच्या कंपन्यांनी आपापले खासगी संकेत वापरले. एका फॉन्टमधला 'क' दुसऱ्यात उद्गारचिन्ह होई. संगणकाच्या दृष्टीने त्या फायलींमध्ये मराठी नव्हतीच. होती ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग, जी ठरावीक फॉन्ट चढवला की मराठीसारखी दिसे. आमच्या विभागाच्या वार्षिकाचे त्या दशकातील अंक अशाच एका फॉन्टमध्ये जुळवलेले होते. त्या सॉफ्टवेअरला संगणकाच्या पाठीमागे खोचायचे एक 'लॉक' लागे. लॉक हरवले, ते यंत्र भंगारात गेले, आणि आज त्या फायली उघडल्या की पडद्यावर जे उमटते ते कोणत्याही भाषेत नाही. छापील अंक उरले म्हणून मजकूर उरला. विलानुएवांचे दुसरे तत्त्व आम्हाला हे असे कळले.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगायला हवे, की हा दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हता. युनिकोडमधील देवनागरी सामान्य वापरकर्त्याच्या यंत्रावर पहिल्यांदा बऱ्यापैकी दिसली ती मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज २०००'मध्ये. त्या वेळी लिनक्सवर जोडाक्षरे धड उमटत नव्हती. मात्र एकदा पाया घातला गेल्यावर मुक्त बाजूने जे उभे राहिले ते कोणाला विचारून उभे राहावे लागले नाही. रेड हॅट या लिनक्स कंपनीने मुक्त केलेल्या 'लोहित' फॉन्टांत मराठीसाठी वेगळा फॉन्ट आला. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. हा फरक कोणत्याही मोठ्या कंपनीच्या नफ्यातोट्यात मोजला जात नाही, पण संहिता खुली असल्यावर ज्याला तो खुपतो तो स्वतः दुरुस्त करू शकतो. मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेला 'मुक्त' हा देखणा फॉन्टही अशाच खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो तीही मुक्तच. छोट्या भाषेला मुक्त संहितेचा लाभ होतो तो येथे. बाजार ज्या दुरुस्तीची वाट पाहायला लावतो, ती करायला परवानगी लागत नाही.

ताळेबंद

आज मागे वळून पाहता या वादात कोण जिंकले? टेबलावरचा संगणक बहुतांशी व्यापारी प्रणालींकडेच राहिला. पण नोव्हेंबर २०१७पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. २००१ साली बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये विंडोजच्या आत लिनक्सचे प्रोग्राम चालवण्याची सोय केली आणि २०१८मध्ये मुक्त संहितांचे सर्वांत मोठे भांडार असलेले 'गिटहब' ७.५ अब्ज डॉलरला विकत घेतले.

तरीही वाचकाच्या हक्काचा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. फोनचा गाभा मुक्त असला तरी त्याच्या वरचे थर बहुधा बंद असतात, आणि आपले लेखन आता दूरच्या कंपन्यांच्या यंत्रांवर साठते. संहिता मुक्त झाली. तिचा लाभ सर्वाधिक घेतला तो मोठ्या कंपन्यांनी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'ची नियमित देखभाल थांबली आणि उत्तम चालणारी असंख्य यंत्रे नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत म्हणून एका दिवसात जुनी ठरली. दुसरीकडे गेट्स यांचा १९७६चा सवालही जिवंत आहे. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांचा कणा असलेल्या 'ओपनएसएसएल' या मुक्त प्रोग्राममध्ये एप्रिल २०१४मध्ये गंभीर दोष उघड झाला, तेव्हा जगाला समजले की त्याला देणग्यांतून वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर मिळत होते. सर्वांनी वापरायचे आणि राबायचे मोजक्यांनी, हे चित्र मराठी अनियतकालिके चालवणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

साहित्याच्या विभागांनी या वादात एखाद्या पक्षाचा झेंडा घ्यावा असे नाही. विंडोज वापरणारा मराठीचा अध्यापक काही गुन्हा करत नाही. परंतु आपल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध, आपली वार्षिके, आपल्या कार्यशाळांत जमवलेल्या बोलींच्या नोंदी कोणत्या संकेतनात आणि कोणत्या स्वरूपात ठेवल्या जातात, हा प्रश्न तंत्रज्ञावर सोपवण्याजोगा नाही. त्या युनिकोडमध्ये असाव्यात, खुल्या स्वरूपात असाव्यात, एकाहून अधिक ठिकाणी असाव्यात आणि त्या उघडायला कोणत्याही एका कंपनीचे लॉक लागू नये. लायन्स यांचे भाष्य सतरा वर्षे टिकले ते कागदावर होते आणि कोणालाही त्याची प्रत काढता येत होती म्हणून. आज जो मजकूर आपण जपून ठेवत आहोत असे मानतो, त्याला एवढी तरी शाश्वती आहे का, ते प्रत्येक विभागाने आपल्या कपाटातल्या जुन्या सीडी काढून एकदा तपासावे.